भोरड्यांचा हिशेब कोण ठेवणार?



जालना एमआयडीसी म्हटले की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात, लोखंड आणि बियाणे. भट्टीतून सळई निघते, गोदामातून बियाण्याची पिशवी निघते. दोन्हींचा हिशेब चोख असतो. किती टन माल आला, किती गाड्या भरून गेल्या, कुणाकडे किती येणे राहिले, सगळे वहीत असते. याच एमआयडीसीच्या डोक्यावरून भाद्रपदापासून पुढे दरवर्षी आणखी एक आवक होते. हजारो कोस उडून आलेले पक्ष्यांचे थवे तारांवर, बाभळींवर उतरतात आणि तिथून आपल्या शिवारात शिरतात. या आवकेची नोंद ना बाजार समितीत होते, ना तहसिलीत, ना आपल्या घरातल्या वहीत. त्यांना खायला मात्र आपण घालतो. ज्याच्या खर्चाने पाहुणचार होतो त्यालाच पाहुणे किती आले हे माहीत नाही, अशी ही गोष्ट आहे. आज तिच्यावर लिहायचे आहे.

पक्ष्यांवर लिहितो आहे म्हटल्यावर काही जण म्हणतील, कापसाच्या भावाचे बोला, पाखरांचे काय घेऊन बसलात? भावाचे बोलूच. पण ज्वारीचा पेरा का कमी झाला, याचे एक कारण या पाखरांच्या हिशेबात दडले आहे. तेव्हा दहा मिनिटे सोसा.

कोण येते आणि कुठून येते

सगळ्यांच्या ओळखीची ती भोरडी. कुणी पळसमैना म्हणतात. अंग गुलाबी, डोके, पंख आणि शेपूट काळी. त्या वर्षीची पिल्ले मात्र मळक्या मातकट रंगाची असतात, त्यामुळे थव्यात दोन जाती आहेत असे वाटते, जात एकच. ही भोरडी अंडी घालते ती कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान आणि त्याच्या आजूबाजूच्या गवताळ मुलखात. तिकडे उन्हाळ्यात टोळ आणि नाकतोडे मुबलक असतात, त्यावर ती पिल्ले वाढवते. पिल्ले उडाली की लगेच दक्षिणेची वाट धरते. पहिले थवे जुलै-ऑगस्टमध्येच भारतात पोचतात आणि एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकतात. म्हणजे वर्षातले आठ महिने ही आपल्याकडे राहते. हिला परदेशी म्हणायचे की गावकरी, हा प्रश्नच आहे.

दुसरा भोवत्या. लांब पंखांची, सडपातळ घार म्हणा हवे तर. माळावर, तुरीच्या आणि हरभऱ्याच्या रानावर अगदी खालून, पंख वर धरून, भुई चाळत उडतो. हाही मध्य आशियातून येतो. त्याचे मुख्य खाणे नाकतोडे, उंदीर, सरडे आणि लहान पाखरे. आपल्याकडे येणाऱ्या भोवत्यांच्या दोन प्रमुख जाती रात्री झाडावर झोपत नाहीत. गवताळ माळावर, जमिनीवर, एकमेकांच्या जवळपास उतरून झोपतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरा चास, ज्याला कुणी नीलकंठ म्हणतात आणि दसऱ्याला ज्याचे दर्शन घेतात. तो आपला, बारमाही. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात तारेवर बसलेल्या चासाकडे नीट पाहा. छाती तपकिरी, तीवर फिक्या रेघा, असा असेल तर तो गावचा. डोके, गळा आणि छाती सगळीच आकाशी निळी असेल तर तो आफ्रिकेकडे निघालेला वाटसरू आहे. आठ-पंधरा दिवस थांबतो, किडे खातो आणि जातो.

चौथा अमूर ससाणा. हा आपल्याकडे मुक्काम करत नाही, फक्त वरून जातो. सैबेरिया आणि उत्तर चीनमधून निघतो, नागालँड-मणिपुरात थांबून वाळव्या खाऊन चरबी धरतो आणि नोव्हेंबरात भारत आडवा ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता, थेट आफ्रिकेला जातो. २०१३ साली नागालँडमध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारी छोटी यंत्रे बसवली, तेव्हा ही वाट नकाशावर उमटली. पाखरू पारव्यापेक्षाही हलके असते. लोणावळ्याच्या पठारावर हे ससाणे पाहायला पुण्या-मुंबईची माणसे दुर्बिणी घेऊन जातात.

शिवाय थंडीची चाहूल देणारा, शेपटी हलवत बांधावर चालणारा धोबी आहे. पैठणला नाथसागरावर उतरणारी बदके, राजहंस आणि रोहित आहेत. जायकवाडीचा तो जलाशय १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. जालना शहराच्या पाण्यासाठी बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावावरही हिवाळ्यात बदके उतरतात.

कुणाची नोंद दखलपात्र?

आता या पक्ष्यांची नोंद कोण ठेवते? शहरातले हौशी पक्षीनिरीक्षक ठेवतात, आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण त्यांच्या नोंदी होतात त्या मुख्यत्वे धरणावर, तलावावर आणि अभयारण्यात, सुट्टीच्या दिवशी. त्यांच्या लेखी दखलपात्र पक्षी म्हणजे दुर्मिळ पक्षी. चुकून आलेला एखादा पाहुणा दिसला की त्याची बातमी होते, फोटो छापून येतो.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेखी दखलपात्र गोष्ट वेगळी आहे. भोरडी दिसली ही बातमी नाही. ती कोणत्या तारखेला आली, किती आली, कोणत्या पिकात उतरली आणि गेल्या सालापेक्षा कमी की जास्त, ही बातमी आहे. भोवत्या माळावर दिसायचा आणि दोन वर्षे झाली दिसत नाही, ही तर फारच मोठी बातमी आहे. पण ती छापायला कुणाकडे नाही, कारण भोवत्या दिसला नाही हे सांगू शकणारा माणूस रोज त्या रानात असावा लागतो. असा माणूस एकच आहे, आणि त्याच्या हातात वही नाही.

१९३१-३२ साली डॉ. सलीम अली यांनी निजामाच्या हैद्राबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला जालना तेव्हा त्याच संस्थानात होता. अभ्यासक पाहणी करून पुढे जातो, ते त्याचे कामच असते. पुढच्या प्रत्येक सालाची नोंद गावानेच ठेवायला हवी होती. मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावे आणि सवयी गोळा केल्या. ज्ञान या लोकांकडे आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपल्या गावात आजही असे म्हातारे आहेत, जे आवाजावरून पाखरू सांगतात. त्यांना विचारणारा कुणी उरला नाही.

पाच एकरांवर दोनशे एकरांचा थवा

आता मुद्द्याचे. भोरडी ज्वारी खाते की नाही? खाते, आणि पोटभर खाते. ती टोळ आणि नाकतोडेही खाते, पिंपळ-वडाची फळे खाते, पळस-पांगारा-काटेसावरीच्या फुलांतला रस पिते. पण दाणा दुधात आला की थवा ज्वारीवर उतरतो आणि कणसे निपटून काढतो. आधी खरिपाची ज्वारी, मग रब्बीची मालदांडी. ज्याचे रान गेले त्याला पळसाच्या फुलांचे कौतुक सांगू नये.

पण मग प्रश्न पडतो. भोरड्या काही आज येऊ लागलेल्या नाहीत. आपल्या आज्याच्या काळातही येतच होत्या. तेव्हा ज्वारी टिकली, आज का टिकत नाही?

साधे गणित करू. समजा एका थव्याने एका शिवारात दिवसाला एक क्विंटल दाणा खाल्ला. गावात दोनशे एकर ज्वारी असेल तर एकरी अर्धा किलो गेला. वीस दिवस थवा राहिला तर एकरी दहा किलो. पाखरांचा वाटा म्हणून कुणीही तो सोडून देईल. आता गावात सगळीकडे कापूस, सोयाबीन आणि मका झाली आणि ज्वारी उरली पाच एकर. थवा तोच, भूक तीच. एकरी रोज वीस किलो गेले. वीस दिवसांत एकरी चार क्विंटल. कोरडवाहू ज्वारीत एकरी चार क्विंटल गेल्यावर शिल्लक काय राहणार? कडबा.

ज्याने ज्वारी पेरली तो पुढच्या वर्षी पेरत नाही. मग पाचाचे तीन एकर होतात आणि त्या तिघांवर आणखी भार पडतो. ज्वारीचा पेरा घटण्याला भाव, मजुरी, कापसाचे रोख पैसे, रेशनवरचा गहू-तांदूळ अशी मोठी कारणे आहेतच. पण शेवटचा धक्का अनेक ठिकाणी हा आहे. पाखरांची संख्या वाढल्यामुळे नुकसान वाढले असे आपण समजतो. खरे पाहता पाखरे वाढलेली नसली तरी नुकसान असेच वाढेल, कारण वाटेकरी शेतकरी कमी झाले आहेत.

त्यात राखणीची गोष्ट. पूर्वी माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायला घरातले पोर किंवा म्हातारा असे. आज पोर शाळेत आहे, आणि ते तिथेच असले पाहिजे. राखणीला मजूर लावला तर वीस दिवसांची मजुरी पिकाच्या किमतीला खाते.

पुन्हा कायदा पाहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भोरडीला संरक्षण आहे, तिला मारणे गुन्हा आहे. मारावे असे मी म्हणतही नाही. पण ज्या पाखराचे संरक्षण साऱ्या देशाने ठरवले, त्याच्या दाण्याचे बिल एकट्या ज्वारीवाल्याने का भरावे? रोही, रानडुक्कर, हरीण यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई, तुटपुंजी का होईना, वनखात्याच्या नियमात आहे. भोरडीने कणसे निपटली म्हणून ज्वारीचा पंचनामा झालेला मी आमच्या भागात पाहिलेला नाही.

शत्रूच्या प्रकरणातले मित्र

कृषी पदवीच्या वर्गात आम्हाला पक्षी भेटले ते पिकांच्या शत्रूंच्या प्रकरणात, उंदीर आणि घुशींच्या शेजारी. पुस्तकात जे खोटे नव्हते ते अर्धे होते. उरलेले अर्धे शेतात शिकावे लागले.

हरभऱ्यावरची घाटेअळी उघड्यावर येऊन खाते. तिथे कोतवाल, साळुंकी, चास ही पाखरे ती टिपतात. म्हणून कृषी विद्यापीठेच आता एकरी वीसेक पक्षीथांबे लावा असे सांगतात. तुरीत आणि कापसात मधूनमधून ज्वारीचे दाणे टाकले की उभी ताटे हेच थांबे होतात. आपली जुनी मिश्र पेरणी यापेक्षा वेगळे काय करत होती? मात्र पाखरांच्या अंगी नसलेला गुण त्यांना चिकटवू नये. शेंदरी बोंडअळी बोंडाच्या आत राहते, तिथे चोच पोचत नाही. तिच्यावर कामगंध सापळे लावणे आणि फरदड न घेणे हाच मार्ग. २०१७ साली शेंदरी अळीने आपल्याला जो हिसका दाखवला, त्यातून पाखरांनी वाचवले नसते.

चीनच्या शिनज्यांग प्रांतात टोळांनी कुरणे फस्त होऊ लागली, तेव्हा तिथल्या सरकारने १९८० नंतर भोरड्यांना घरटी करता यावीत म्हणून दगडांचे ढीग रचून दिले. आपण जिला गोफणीने हाकलतो तिला तिकडे घर बांधून देतात. पाखरू तेच. तिकडे ती टोळ खाते तेव्हा मित्र, इकडे दाणा खाते तेव्हा शत्रू. दोन्ही खरे आहे, म्हणूनच भावनेने न बोलता हिशेबाने बोलावे लागते.

आणि एक हिशेब विषाचा. अमेरिकेत स्वेन्सनचा बाज नावाचा पक्षी आहे. उन्हाळ्यात उत्तर अमेरिकेत राहतो, हिवाळ्यात अर्जेंटिनाच्या शेतांत जाऊन नाकतोडे खातो. तो तिकडून परत येईनासा झाला, म्हणून संशोधकांनी यंत्र बसवून त्याचा माग काढला. शेतात मेलेल्या बाजांचे खच सापडले. १९९५-९६ च्या एका हंगामात सुमारे वीस हजार बाज मेले असा अंदाज निघाला. लसूणघास आणि सूर्यफुलावरच्या नाकतोड्यांसाठी फवारलेले औषध कोणते होते? मोनोक्रोटोफॉस. आपल्या कापसावर मावा-तुडतुड्यांसाठी आणि बोंडअळीसाठी वर्षानुवर्षे ओतले ते हेच. भारतात भाजीपाल्यावर त्याच्या वापराला २००५ साली बंदी आली आणि २०२३ साली त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघाला. मधल्या काळात आपल्या रानात किती भोवत्ये मेले, याचा आकडा कुठेच नाही, कारण कुणी मोजलेच नाहीत. तिकडे मेलेला बाज मोजला गेला म्हणून औषध हटले. इकडे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा कुठे चर्चा सुरू झाली. शिवारातले पाखरू पडले तेव्हाच कुणी वहीत लिहिले असते तर इशारा आधी मिळाला असता. पाखरावर जे पडते ते फवारणाऱ्याच्या अंगावरही पडतेच.

नान्नज आणि पांगती

पक्ष्यांचे नाव काढले की आपल्या पोटात गोळा येतो, त्याला कारण आहे. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर. मोहोळ, माढा, करमाळा, कर्जत, श्रीगोंदा या तालुक्यांतली गावेच्या गावे, पिकाऊ रानासकट कागदावर अभयारण्यात गेली. जमिनीच्या व्यवहाराला अडथळा, विकासकामाला अडथळा. शेतकऱ्यांनी तीन दशके चकरा मारल्या, तेव्हा क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. आणि माळढोक? तो एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही उरला नाही. शेतकऱ्याला न विचारता त्याच्या सातबाऱ्यावर पक्षी बसवला, तर शेतकरीही जातो आणि पक्षीही जातो.

आता दुसरे उदाहरण. नागालँडमध्ये वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाच्या काठी पांगती नावाचे गाव आहे. २०१२ च्या हिवाळ्यात तिथे जाळी लावून अमूर ससाणे लाखाच्या हिशेबात मारले गेले. जगभर बोभाटा झाला. सरकारी यंत्रणा, संस्था आणि चर्चची माणसे गावात गेली, पण निर्णय झाला तो गावांच्या बैठकांत. पांगती आणि शेजारच्या गावांच्या ग्रामपरिषदांनी शिकार बंद करायचे ठरवले. २०१३ साली एकही ससाणा मारला गेला नाही. ज्यांचे उत्पन्न त्या जाळ्यात होते त्यांनीच ते सोडले. वरून आदेश आला असता तर रात्रीची जाळी लागलीच असती. एका वर्षात जे तिथे झाले ते नान्नजला तीस वर्षांत झाले नाही, यातून घ्यायचा तो धडा घ्या.

काय करायचे?

पहिले, प्रत्येक गावात एक वही. तारीख, पाखरू, अंदाजे संख्या (दहा, शंभर की हजार), कोणत्या पिकात, काय खात होते आणि त्या आठवड्यात शेजारी कोणती फवारणी झाली. एवढेच रकाने. शाळेतली पोरे हे हौसेने करतील. नाव माहीत नसेल तर गावात जे म्हणतात तेच लिहा.

दुसरे, ज्वारी पेरायची तर एकट्याने पेरू नका. एका शिवारात लागून-लागून, एकाच आठवड्यात, दहा-वीस जणांनी पेरा. दाणा एकदम दुधात येतो, थव्याचा भार वाटला जातो आणि राखणीचा एकच माणूस सगळ्यांना पुरतो. वाकड्या मानेचे जुने वाण कुणाकडे असतील तर जपा. त्या कणसावर पाखराला नीट बसता येत नाही. आपल्या दारातल्या बियाणे उद्योगालाही सांगा की उत्पन्नाबरोबर हाही गुण पाहा.

तिसरे, पाखरांनी केलेल्या नुकसानीचा पंचनामा मागा. कायद्याने राखलेल्या पाखराचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला पाहिजे. मागायला पुरावा लागेल, आणि पुरावा म्हणजे वर सांगितलेली वही.

चौथे, गायरान. भोवत्या गवतात भुईवर झोपतो हे वर सांगितले. सरकारी कागदावर तो माळ ‘पडीक’ असतो, म्हणून कारखान्याच्या वाढीला, सौर पाट्यांना तो आधी सुचतो. आपल्या जनावरांची चराई आणि भोवत्याची झोप एकाच जमिनीवर आहे. तो माळ देण्याचा विषय आला तर ग्रामसभेत खुला झाला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली गावांच्या सामाईक जमिनी गावांसाठीच राखा असे बजावले आहे. पण एक पथ्य पाळा. गायरानावर पोटासाठी कसणारा भूमिहीन माणूस आहे. पाखराचे नाव पुढे करून त्याला हुसकावण्याच्या कामात आपण कुणी सामील होऊ नये.

पाचवे, कुणी आपल्या रानावर अभयारण्याची रेघ ओढायला आला तर त्याच्यापुढे नान्नजचे आकडे ठेवा आणि पांगतीचा रस्ता दाखवा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन आकडे आणावेत. यंदा गावात ज्वारी किती एकर आहे, आणि पहिली भोरडी कोणत्या तारखेला दिसली. ज्वारीचा आकडा तलाठ्याच्या पीकपेऱ्यावरून न आणता शिवार फिरून आणा. दोन्ही आकडे फळ्यावर लिहू, आणि मग भरपाईच्या मागणीचा मसुदा तिथेच, सगळ्यांच्या समोर करू.